'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' : ब्राउझरची ही वॉर्निंग नेमकी कशामुळे येते आणि काय करायचं?

कोलशेतवाली

मंडळी, सर्टिफिकेटच्या वॉर्निंगबद्दल कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात जो डेस्कटॉप आहे त्याच्यावर कुठलीही साइट उघडली की लाल त्रिकोण आणि 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट', अगदी गूगलसुद्धा उघडत नाही. घरी सासऱ्यांकडे जुना अँड्रॉइड फोन आहे, त्याच्यावर काही साइट मस्त चालतात आणि काहींना नेमकी हीच वॉर्निंग. आणि सोसायटीची स्वतःची वेबसाइट आहे, नोटिसा, मेंटेनन्सची बिलं, पार्किंगचे फॉर्म सगळं तिथे असतं, ती कोणाला उघडते तर कोणाला लाल पान दाखवते.

ऑफिसात बसणारा मुलगा सगळ्यांना फोनवर सांगतो, 'अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, खाली बारीक अक्षरात प्रोसीड येईल ते दाबा, उघडेल'. सेक्रेटरी म्हणून मला हे फार खटकतंय. सभासदांमध्ये खूप जण सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांना आपणच असं शिकवलं तर उद्या बँकेच्या साइटवर असं पान आलं तरी ते तेच करणार ना. तर दुरुस्ती कशी करायची ते सांगाच, पण त्याहून जास्त मला ही वॉर्निंग वाचायची कशी ते हवंय, म्हणजे बिघाड आपल्याकडे आहे, मधल्या नेटवर्कमध्ये आहे की समोरच्या साइटचा आहे हे ओळखता येईल असं काहीतरी.

तलावपाळी

ताई, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?

कोलशेतवाली

फोन करून विचारलं. १ जानेवारी २०१५ दाखवतोय म्हणे! वेळ पण भलतीच. याचा काही संबंध आहे का?

तलावपाळी

पूर्ण संबंध आहे. सर्टिफिकेट म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, प्रत्येकावर दोन तारखा असतात, कधीपासून चालू आणि कधीपर्यंत चालू, आणि ब्राउझर त्या आपल्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज २०१५ साल आहे, मग आत्ता वापरात असलेलं एकही सर्टिफिकेट त्याच्या हिशोबाने अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून सगळ्याच साइट नापास. लाल पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते ती वाचायला सांगा, 'नेट एरर सर्ट डेट इनव्हॅलिड' असणार. कधीकधी क्रोम सरळच सांगतो की तुमचं घड्याळ मागे आहे.

तारीख दुरुस्त करा पण तेवढ्याने भागणार नाही, कारण ती मागे का गेली हे बघायला हवं. मदरबोर्डवर एक नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की लाइट गेली किंवा रात्री मेन स्विच बंद केला की तारीख परत मागे. सोसायटीच्या ऑफिसात रात्री बटण बंद करून जायची पद्धत असतेच. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, स्वस्त असतो, फक्त प्लग काढून मग बदलायला सांगा.

अजून एक, लोक म्हणतात विंडोज स्वतः इंटरनेटवरून वेळ घेतं ना मग का नाही घेतली. घेतं, पण फरक फार मोठा असेल तर घेत नाही. घरगुती कॉम्प्युटरला ही मर्यादा मुळात १५ तासांची ठेवलेली असते, त्यापेक्षा जास्त फरक दिसला की विंडोज ती दुरुस्ती नाकारतं. म्हणून आधी हाताने आजची तारीख टाकायची आणि मग 'सिंक नाऊ' दाबायचं. टाइम झोन पण बघून घ्या, मुंबई कोलकाता वाला असायला हवा.

खारघर_टेकडी

एवढं काय त्यात, मी तर वर्षानुवर्षं प्रोसीडच दाबतो, काहीही झालेलं नाही. सर्टिफिकेट हा नुसता कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा आहे असं माझं स्पष्ट मत.

सर्व्हररूम_महापे

खारघरकर, पैशांचा मुद्दा आता राहिलेला नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी संस्था २०१५ च्या शेवटी सगळ्यांसाठी खुली झाली तेव्हापासून सर्टिफिकेट फुकट मिळतं, छोट्या साइटपासून मोठ्यांपर्यंत असंख्य जण तेच वापरतात. पण 'काही झालं नाही' हे तुम्हाला कळणार कसं, मला हा प्रश्न आहे. मधे बसून कोणी पासवर्ड वाचला तर स्क्रीनवर काही वेगळं दिसत नाही, साइट नेहमीसारखीच उघडते. ती वॉर्निंग हीच काय ती एकमेव वेळ असते जेव्हा ब्राउझर तुम्हाला सांगतो की समोर जो बसलाय तो तोच आहे याची मला खात्री देता येत नाही.

कोलशेतवाली ताई, तुमचा प्रश्न फार चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो. मी महाप्याला डेटा सेंटरमध्ये काम करतो, ही असली कामं रोजची आहेत.

सगळ्यात आधी एररचं नाव न वाचताच अर्धं निदान होतं. एकाच मशीनवर सगळ्या साइट अडतायत तर बिघाड आपल्या मशीनमध्ये, बहुतेक वेळा तारीख नाहीतर अँटिव्हायरस. एका वायफायवर सगळ्या अडतायत आणि मोबाइल डेटावर तोच फोन ठीक चालतोय तर बिघाड त्या वायफायमध्ये. आणि सगळ्या मशीनवर, सगळ्या नेटवर्कवर एकच साइट अडतेय तर दोष साइटचा, आपण कितीही कॅशे साफ केली तरी काही होणार नाही. लोक पहिली गोष्ट काय करतात तर हिस्टरी उडवतात आणि ब्राउझर परत टाकतात, त्याचा इथे जवळजवळ कधीच उपयोग नसतो.

मग ती बारीक ओळ. 'डेट इनव्हॅलिड' म्हणजे तारखेचा घोळ, पण कोणाच्या तारखेचा ते बघायचं, आपलं घड्याळ बरोबर असेल तर त्या साइटचं सर्टिफिकेट संपलंय. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' म्हणजे सर्टिफिकेट खरं आहे पण दुसऱ्याच नावाचं आहे. 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड', फायरफॉक्समध्ये 'अननोन इश्युअर', म्हणजे सही करणाऱ्याला ब्राउझर ओळखत नाही, आणि सगळ्यात सावध व्हायचं ते इथे. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसीलदारांची सही असते म्हणून तो चालतो, तहसीलदारांना अधिकार सरकारने दिलेला असतो, शेजारच्या काकांनी त्याच मजकुराचा कागद सही करून दिला तर कॉलेज तो घेणार नाही. सर्टिफिकेटचं तसंच आहे, साइटच्या सर्टिफिकेटवर मधल्या एका संस्थेची सही, तिच्यावर मूळ संस्थेची, आणि त्या मूळ संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून भरलेली. साखळी त्या यादीपर्यंत पोचली नाही की लाल पान.

आता सासऱ्यांचा फोन. अँड्रॉइड कुठलं आहे त्याच्यावर?

कोलशेतवाली

सेटिंगमध्ये ६ लिहिलंय. आणि एरर 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' अशी आहे, आमच्या सोसायटीच्या साइटला पण तीच येते त्यांना.

सर्व्हररूम_महापे

मग तेच. लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट, आयएसआरजी रूट एक्स१ म्हणतात त्याला, ते अँड्रॉइड ७.१.१ पासून यादीत आहे, त्याआधीच्या फोनच्या यादीत नाही. इतकी वर्षं जुने फोन चालत होते ते एका जुन्या संस्थेच्या उसन्या सहीवर. त्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तेव्हा जुने आयफोन, जुने मॅक, जुने सर्व्हर बरेच अडले होते. अँड्रॉइड मूळ सर्टिफिकेटची शेवटची तारीख तपासत नाही त्यामुळे त्यांच्यासाठी तीन वर्षांची वाढीव सही मिळवली होती, ती ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणून ज्या साइट लेट्स एन्क्रिप्ट वापरतात त्या अडतात आणि बाकीच्या चालतात. फोन बिघडलेला नाही, त्याची यादी जुनी आहे आणि कंपनीकडून अपडेट यायचं केव्हाच बंद झालंय.

उपाय म्हणाल तर फायरफॉक्स स्वतःची यादी स्वतःबरोबर आणतो, फोनची वापरत नाही, त्यामुळे बातम्या वाचायला, सोसायटीच्या नोटिसा बघायला तो टाकून बघा. पण त्या फोनवर बँकेचं, यूपीआयचं काही करू देऊ नका, सिक्युरिटी अपडेट नसलेला फोन आहे, सर्टिफिकेट हा त्यातला सगळ्यात छोटा प्रश्न.

घणसोली_सेक्टर

मूळ सर्टिफिकेट हाताने पण टाकता येतं की फोनमध्ये, व्हिडिओ आहेत.

सर्व्हररूम_महापे

येतं. पण सिनियर सिटिझनला ते शिकवायच्या मी ठाम विरोधात आहे. एकदा 'सर्टिफिकेट डाउनलोड करून इन्स्टॉल करा' ही कृती अंगवळणी पडली की पुढचा फसवणारा तेच करायला सांगणार. यादीत एक नाव वाढवणं म्हणजे त्या माणसाला जगातल्या कुठल्याही साइटच्या नावाने सही करायचा अधिकार देणं. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं निघालं, त्याने असंच स्वतःचं मूळ सर्टिफिकेट यादीत घातलं होतं आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या मशीनवर एकच होती. म्हणजे ती किल्ली ज्याला मिळेल त्याला त्या सगळ्या लॅपटॉपसमोर कुठल्याही बँकेचं सोंग घेता आलं असतं आणि वॉर्निंगसुद्धा आली नसती. २०१९ मध्ये कझाकस्तान सरकारने लोकांना सरकारी मूळ सर्टिफिकेट टाकायला सांगितलं तर क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांनीही ते सर्टिफिकेटच ब्लॉक केलं.

कुठलंही वेबपेज जर म्हणत असेल की तुमचं सर्टिफिकेट जुनं झालंय, ही फाइल डाउनलोड करा, तर ते पान शंभर टक्के खोटं. साइटचं सर्टिफिकेट साइटवाल्याने बदलायचं असतं, बघणाऱ्याने नाही.

खारघर_टेकडी

आणि त्या मूळ संस्थाच विकल्या गेल्या किंवा हॅक झाल्या तर? मग यादीचा काय उपयोग?

सर्व्हररूम_महापे

हे झालेलं आहे. २०११ ला डिजिनोटार ही डच संस्था हॅक झाली, गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं आणि ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. सगळ्या ब्राउझरनी तिला यादीतून काढलं, कंपनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडचं उदाहरण पण आहे, जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आयटी संस्थेच्या, अधिकारातून गूगलच्या काही डोमेनची, म्हणजे साइटच्या नावांची, अनधिकृत सर्टिफिकेट निघालेली सापडली. त्यांची मूळ सही विंडोजच्या यादीत होती म्हणून विंडोजवरचे ब्राउझर ती मानत होते, फायरफॉक्सची यादी वेगळी असल्यामुळे तो वाचला.

त्यानंतर व्यवस्था बरीच कडक झालीये. एप्रिल २०१८ नंतर निघालेलं सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत नसेल तर क्रोम ते मानतच नाही. ती नोंदवही कोणालाही बघता येते, सीआरटी डॉट एसएच या साइटवर डोमेनचं नाव टाकलं की त्या नावाने आजपर्यंत कोणी कोणी सर्टिफिकेट काढलं ते दिसतं. ताई, तुमच्या सोसायटीचं नाव टाकून बघा एकदा. तुमचा प्रश्न आहे की यादी चुकली तर काय, आणि तो रास्त आहे, पण त्यावर उत्तर वॉर्निंग दुर्लक्षित करणं हे नाही, कारण ती चूक झाली तर ती दाखवणारं पान तेच लाल पान असणार आहे.

करसल्लागार_नौपाडा

माझा वेगळाच अनुभव विचारतो. जीएसटीला डिजिटल सिग्नेचर लावताना एमसाइनर नावाचं छोटं सॉफ्टवेअर लागतं, ते कनेक्ट होत नसेल तर सगळे सांगतात की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे कोलन १५८५ टाका, लाल पान येईल, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड करून प्रोसीड करा. आम्ही ऑफिसात सगळे हे करतो आणि त्याने चालतं. आता वरचं वाचून धास्ती वाटली, हे पण चुकीचं का?

सर्व्हररूम_महापे

नाही साहेब, हे चालेल, आणि कारण समजून घ्या म्हणजे फरक कळेल. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर, माहिती बाहेरच जात नाही, मधे बसायला कोणी नाही. बाहेरची कुठलीही संस्था या पत्त्याचं सर्टिफिकेट देऊच शकत नाही कारण तो पत्ता प्रत्येकाच्याच मशीनवर असतो, म्हणून सॉफ्टवेअर स्वतःच स्वतःला सही करून देतं आणि ब्राउझर कुरकुर करतो. फक्त पत्ता अक्षर न अक्षर तपासून टाकायचा आणि एमसाइनर अधिकृत पोर्टलवरूनच घेतलेलं असलं पाहिजे.

राउटरचं पान, १९२.१६८ वाले पत्ते, सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं पान, तिथेही हेच, आपल्याच भिंतीच्या आतलं आहे. पण तोच डीव्हीआर बाहेरून मोबाइलवर दिसावा म्हणून कोणी पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा दरवाजा, उघडून ठेवला असेल तर मात्र ती वॉर्निंग गंभीर आहे, कारण आता तो पासवर्ड खरोखर इंटरनेटवरून जातोय. तसं असेल तर पोर्ट बंद करा आणि व्हीपीएन लावा.

पामबीच

एका हॉस्पिटलमध्ये आईला ॲडमिट केलं होतं तेव्हा तिथल्या वायफायवर जी साइट उघडीन तिला वॉर्निंग. डेटावर सगळं ठीक. हॅकिंग होतं का ते?

तलावपाळी

बहुतेक नाही. असल्या वायफायला आधी स्वतःचं लॉगिन पान दाखवायचं असतं, मोबाइल नंबर ओटीपी वगैरे, त्यासाठी ते तुमची मागणी मधेच अडवून आपलं पान पुढे करतात. एचटीटीपीएस मध्ये, म्हणजे सर्टिफिकेटवाल्या सुरक्षित कनेक्शनमध्ये, असं मधे घुसता येत नाही, घुसलं की नाव जुळत नाही आणि ब्राउझर ओरडतो. वॉर्निंग बरोबरच आहे, मधे खरंच कोणीतरी आहे, फक्त तो वायफायवालाच आहे. तिथे प्रोसीड न करता साध्या एचटीटीपीवर चालणारी एखादी साइट उघडायची, नेव्हरएसएसएल डॉट कॉम याच कामासाठी ठेवलीये, की लॉगिन पान आपोआप समोर येतं. लॉगिन झाल्यावरसुद्धा वॉर्निंग येत राहिली तर ते वायफाय सोडा, डेटा वापरा. आई बऱ्या आहेत ना आता?

पामबीच

हो बऱ्या आहेत, धन्यवाद दादा. तेव्हा जीमेल आणि बँक यांना तर प्रोसीडचं बटणसुद्धा येत नव्हतं, ते का?

सर्व्हररूम_महापे

त्याला एचएसटीएस म्हणतात, २०१२ पासून त्याचं अधिकृत मानक आहे. साइट ब्राउझरला आधीच सांगून ठेवते की माझ्याकडे फक्त सुरक्षित मार्गानेच ये आणि सर्टिफिकेटमध्ये खोट निघाली तर माणसाला निवड देऊ नकोस. क्रोममध्ये हे ओलांडायचा एक छुपा शब्द आहे, तो डेव्हलपर लोकांसाठी आहे, कृपया कोणी इथे लिहू नका.

ऐरोली_शटल

ऑफिसच्या लॅपटॉपवर एक गंमत बघितली, कुठलीही साइट उघडून सर्टिफिकेट बघितलं की 'इश्यूड बाय' मध्ये आमच्याच कंपनीचं नाव. वॉर्निंग येत नाही. हे काय आहे?

सर्व्हररूम_महापे

कंपनीचा प्रॉक्सी, म्हणजे ज्याच्यातून सगळं इंटरनेट जातं तो मधला सर्व्हर, सगळं उघडून वाचतो आणि परत स्वतःच्या सहीने बंद करतो, त्यासाठी त्यांनी आपलं मूळ सर्टिफिकेट लॅपटॉपमध्ये टाकलेलं असतं. कंपनीचं मशीन, कंपनीचा माल तपासायचा त्यांना हक्क आहे, बऱ्याच ठिकाणी बँकांच्या साइट यातून वगळलेल्या असतात पण तुमच्याकडे वगळल्यात की नाही हे त्याच 'इश्यूड बाय' ओळीत दिसेल. माझा सल्ला, नेटबँकिंग आणि आरोग्याच्या फाइली स्वतःच्या फोनवर. काही अँटिव्हायरस पण घरच्या मशीनवर हेच करतात, त्यांच्या सेटिंगमध्ये 'एचटीटीपीएस स्कॅनिंग' असतं, अँटिव्हायरस अर्धवट काढला किंवा मुदत संपली की त्याच्यामुळे सगळ्या साइटना 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' येतं. सगळ्या साइट, तारीख बरोबर, एकच मशीन असं असेल तर पहिला संशय त्याच्यावर.

सर्टिफिकेट बघायला कुठे दाबायचं ते पण सांगतो कारण क्रोममधलं कुलूप सप्टेंबर २०२३ मध्ये गेलं, आता पत्त्याच्या डावीकडे दोन पट्ट्यांसारखं चिन्ह असतं, त्यावर दाबायचं, 'कनेक्शन इज सिक्युअर' वर दाबायचं, मग सर्टिफिकेट. कोणाला दिलं, कोणी दिलं, कधीपर्यंत, एवढंच वाचायचं. कुलूप काढलं ते बरंच झालं असं मला वाटतं, लोक समजायचे कुलूप आहे म्हणजे साइट खरी. फसवणाऱ्यांच्या साइटकडेसुद्धा रीतसर सर्टिफिकेट असतं. सर्टिफिकेट एवढंच सांगतं की तुम्ही ज्या नावाला गेलात त्याच नावाशी बोलताय आणि मधे कोणी ऐकत नाहीये. ते नाव तुमच्या बँकेचं आहे का हे बघायचं काम आपलं.

पामबीच

आमच्या बँकेचा पत्ताच बदललाय, शेवटी बँक डॉट इन आलंय. हे खरं आहे की फसवणूक?

करसल्लागार_नौपाडा

खरं आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन वर जायला सांगितलं होतं. हे डोमेन फक्त आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेमार्फत आणि फक्त बँकांना मिळतं, कोणाही ऐऱ्यागैऱ्याला नाही. फक्त पत्त्याचा शेवट तो हवा, म्हणजे नावाच्या मधे कुठेतरी बँक डॉट इन आणि त्यापुढे अजून भलतंच काही असेल तर ती खोटी. जुने बुकमार्क काढून टाका.

कोलशेतवाली

किती छान माहिती मिळतेय. ऑफिसचा सेल बदलला, तारीख टाकली, सगळ्या साइट चालू. फायरफॉक्सवर सासऱ्यांना सोसायटीची साइट दिसते आता. राहिली ती साइट स्वतःच. मी वेगवेगळ्या लोकांना विचारून बघितलं, जे पत्त्यात आधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू टाकतात त्यांना उघडते आणि जे नुसतं नाव टाकतात त्यांना 'कॉमन नेम इनव्हॅलिड'. साइट करून देणारा म्हणतो की नुसत्या नावावरून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वर आपोआप पाठवायची सोय केलेली आहे, त्यामुळे प्रॉब्लेम तुमच्याकडचा आहे.

सर्व्हररूम_महापे

प्रॉब्लेम त्याच्याकडचा आहे. पाठवायची सोय असली तरी 'तिकडे जा' हा निरोप द्यायच्या आधी सुरक्षित कनेक्शन जुळावं लागतं, आणि ते जुळतं नुसत्या नावावर. त्या नावाचं सर्टिफिकेट नाही म्हणून निरोप पोचायच्या आधीच ब्राउझर थांबतो. जे नाव फक्त पुढे पाठवण्यापुरतं आहे त्यालासुद्धा सर्टिफिकेट लागतं. त्याला सांगा दोन्ही नावं एकाच सर्टिफिकेटमध्ये घाल. स्टार वालं, म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या उपनावांना चालणारं, सर्टिफिकेट असेल तरी तोच घोळ, तारा फक्त एका पातळीला लागू होतो, नुसतं नाव त्यात येत नाही, ते वेगळं लिहावं लागतं.

कोलशेतवाली

सांगितलं. त्याने प्रयत्न केला तर म्हणतो लेट्स एन्क्रिप्ट सर्टिफिकेट देतच नाहीये, 'चॅलेंज फेल्ड' येतंय. आणि जे चालू आहे त्याची मुदतसुद्धा याच महिन्यात संपतेय असं मला त्या सर्टिफिकेटच्या पानावर दिसलं.

सर्व्हररूम_महापे

बहुतेक त्याने ८० नंबरचा पोर्ट बंद केला असणार. 'सगळं एचटीटीपीएस झालं मग ८० कशाला' म्हणून लोक फायरवॉलमध्ये तो बंद करतात. पण डोमेन तुमचंच आहे हे तपासायला लेट्स एन्क्रिप्ट नेहमीच्या पद्धतीत ८० वरच येऊन एक फाइल वाचतं. तो उघडा ठेवायचा आणि आलेल्याला ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टवर, पाठवायचं, यात काहीच असुरक्षित नाही. उघडायचाच नसेल तर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, नोंद टाकून सिद्ध करायची दुसरी पद्धत आहे.

दुसरी गोष्ट, सर्टबॉटच्या, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फोल्डरमध्ये नुसत्या सर्टची एक फाइल असते आणि फुलचेन नावाची एक. सर्व्हरला फुलचेनच द्यायची, नाहीतर मधली सही पोचत नाही आणि मग एका ब्राउझरमध्ये चालतं, दुसऱ्यात नाही, आणि सगळे एकमेकांना सांगत बसतात की तुझा फोन खराब आहे. तिसरं, सर्टिफिकेट नवीन येऊन डिस्कवर पडतं पण इंजिनएक्स, म्हणजे साइट दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, जुनंच मेमरीत धरून बसतं. रिन्यू झाल्यावर रीलोड करायची ओळ डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे रिन्यूनंतर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये, घालायला सांगा. हे सगळं केल्यावर एसएसएल लॅब्जच्या साइटवर दोन्ही नावं टाकून टेस्ट करा, साखळी अर्धवट असेल तर ती स्पष्ट सांगते.

कोलशेतवाली

८० च बंद होता! उघडला, दोन्ही नावांचं सर्टिफिकेट आलं, एसएसएल लॅब्जवर पण साखळी पूर्ण दाखवतेय. ऑफिसातल्या मुलाला पण हा धागा वाचायला दिलाय, आता तो कोणी फोन केला की आधी ती बारीक ओळ वाचून दाखवायला सांगतो. पण हे परत परत बघावं लागणार का? दर तीन महिन्यांनी मी कुठे लक्षात ठेवू, आणि समिती पण बदलते.

सर्व्हररूम_महापे

हाताने करायचं काम राहिलंच नाही हे आता धरून चाला. लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं आहेच, पण पैसे देऊन घेतलेल्या सर्टिफिकेटची मुदत पण कमी होत चाललीये, सप्टेंबर २०२० पासून कमाल ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. त्यामुळे ते आपोआपच व्हायला हवं, आणि आपोआप होतंय का हे बघणारं दुसरं काहीतरी हवं, कारण लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं जून २०२५ मध्ये बंद केलं. फुकटच्या मॉनिटरिंग सेवा असतात, साइटचं नाव आणि दोन ईमेल द्यायचे, तीन आठवडे आधी कळवतात. ईमेल सोसायटीचा द्या, कोणा एकाचा नको.

आणि ताई, सर्टिफिकेटपेक्षा मोठी गोष्ट विचारतो, डोमेन कोणाच्या नावावर आहे?

कोलशेतवाली

आधीच्या सेक्रेटरींच्या पर्सनल ईमेलवर. ते आता मुलाकडे कॅनडात असतात.

सर्व्हररूम_महापे

मग हे याच आठवड्यात करा. सर्टिफिकेट संपलं तर लाल पान येतं आणि तासाभरात नवीन मिळतं. डोमेन संपलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं तर त्याला त्याच नावाचं अगदी खरं सर्टिफिकेट मिळेल, कुठलीही वॉर्निंग येणार नाही, आणि सभासद नेहमीच्या पत्त्यावर जाऊन मेंटेनन्सचे पैसे भरतील. त्यांना फोन करा, रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिच्याकडून डोमेन घेतलंय त्या कंपनीच्या, खात्यात सोसायटीचा ईमेल टाकून घ्या, टू-फॅक्टर सोसायटीच्या फोनवर घ्या, डोमेन एकदम काही वर्षांसाठी रिन्यू करून ठेवा, आणि खात्याचं नाव व मुदतीची तारीख समितीच्या मिनिट्समध्ये लिहा, म्हणजे चार्ज देताना ते पुढच्या सेक्रेटरीच्या हातात पडेल.

कोलशेतवाली

तिकडे सकाळ झाली की आज रात्रीच फोन लावते त्यांना. ओटीपी कुठल्या नंबरवर जातो ते पण विचारून घेते, त्यांचा इथला नंबर बंद असेल तर काय करायचं?

तलावपाळी

रजिस्ट्रारला सोसायटीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, लेटरहेडवर ठराव आणि जुन्या सेक्रेटरींचा संमतीचा ईमेल पाठवा. मालकी बदलायची त्यांची ठरलेली पद्धत असते, पण वेळ लागतो, म्हणून डोमेनची मुदत जवळ आली असेल तर आधी ती त्यांच्याकडूनच वाढवून घ्या आणि मग मालकीच्या मागे लागा.